शेजारची सीट

"शेजारची सीट काढून टाकता येते का?" मिलानने विचारलं.

गाड्या विकणाऱ्या फोग्टना हसू आलं. "सामान न्यायचंय? मग टेम्पोच दाखवतो तुला."

मिलान लाल झाला आणि बुटांकडे बघत राहिला. नीलिमाने विषय बदलला. "ती करडी दाखवा. छोटी."

जर्मनीतल्या येना शहराबाहेरच्या त्या शोरूममध्ये सकाळी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. फोग्टनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्याहून हातभर उंच, पिंगट केसांच्या त्या पोराकडे, आणि समजूतदारपणे मान डोलावली. ही नजर नीलिमाच्या सवयीची होती. जर्मन नवरा केला की ती फुकट मिळते. किंडरगार्टनच्या फाटकापासून लोक अशीच तोंडं ताडून बघत आले होते, आणि नीलिमाने कुणालाही कधी खुलासा दिला नव्हता.

येत्या सप्टेंबरपासून मिलानची आउसबिल्डुंग होती, भिंगांच्या कारखान्यात. काम शिकायचं, वर पगारही. अशी जागा मिळवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. पण पाळी भल्या पहाटेची, आणि गावातून तेव्हा बस नाही. गाडी चालवली तर ही नोकरी, नाहीतर खोलीत पडून छताकडे बघणं. नोव्हेंबरपासून तो तेच करत होता.

नोव्हेंबरात रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. घरची जुनी गाडी वळणावर घसरली आणि झाडावर आदळली. वेग जास्त नव्हता, पोराची चूक नाही, असं पोलीसही म्हणाले. मिलान वाचला. खांदा मोडला होता, तो जुळला. पण त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि त्या दिवसाबद्दल कुणाजवळ अवाक्षरही काढलं नाही.

नीलिमाचा नवरा योखेन आज आला नव्हता. तोही नोव्हेंबरपासून मिलानशी एक शब्द बोलला नव्हता. "मला नाही जमणार," एवढंच सकाळी म्हणाला आणि बागेत निघून गेला. नीलिमाने वाद घातला नाही. जमत तर तिलाही नव्हतं. पण कुणीतरी उठायला हवं होतं. शिवाय अठरावं सरलं की गाडी, असं तिने केव्हाच कबूल केलं होतं, आणि दिलेला शब्द तिला मोडायचा नव्हता.

करडी गाडी बुटकी आणि गुबगुबीत होती. फोग्ट इंजिनाचं कौतुक करताना थकत नव्हते. मिलानने विचारलं ते भलतंच. शेजारच्या दाराला एअरबॅग आहे का? डोक्याशी आहे? गुडघ्यांशी? चालवणाऱ्याच्या बाजूचं त्याने काहीच विचारलं नाही.

"अरे, सगळीकडे आहे," फोग्ट म्हणाले. "मैत्रिणीची फार काळजी दिसतेय."

मग फोग्टनी किल्ली आणली. एक चक्कर मारून या, म्हणाले.

नीलिमाने पर्समधून लिंबू काढलं आणि पुढच्या चाकाखाली सरकवलं. फोग्टच्या भुवया वर गेल्या.

"आमच्याकडे पद्धत आहे," ती म्हणाली. "चाक पुसून देईन हवं तर."

"पण आई, अजून घेतली कुठे आपण," मिलान जर्मनमध्ये पुटपुटला.

आई हा एवढा एकच मराठी शब्द किंडरगार्टनपासून त्याच्या तोंडात टिकला होता. मन भरून आलं की नीलिमा मराठीवर यायची. त्याला कळायचं तेवढं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

"चालवणार तर आहेस ना? बस."

तो कसाबसा बसला. ती वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेली तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"इथे नको. आई, प्लीज. तू मागे बस."

"मी मागे बसणार नाही."

"मग मी चालवत नाही."

ती शेजारच्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं, पट्टा लावला. त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. तिलाही दार उघडून पळून जावं असं वाटलं. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"मिलान, बाळा, मी आहे इथे. हळूच सोड क्लच."

त्याने डोळे मिटले, उघडले. लिंबू फच्चकन फुटलं.

नदीच्या कडेने रस्ता चांगला होता, तरी गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानेही हॉर्न वाजवला. पहिल्या वळणावर मिलान रडायला लागला. हात सुटायला नको म्हणून त्याने नाकही पुसलं नाही. मग नीलिमानेच बाहीने पुसलं, लहानपणी स्वयंपाकघरात कितीदा पुसलं होतं तसं. आणि तिलाही रडू फुटलं. ते तिने आवरलं नाही. इतके महिने योखेनसमोर आवरलं होतं, तेवढं पुरे झालं.

पण गाडी थांबली नाही. पूल आला, पुढचं गाव आलं, तिथून वळून ती परत आली.

फोग्ट दारातच उभे होते. दोघांचे सुजलेले डोळे पाहून ते क्षणभर गोंधळले. बिचारे भले गृहस्थ होते. काच खाली झाल्यावर वाकून मिलानला म्हणाले, "छान चालवतोस की! बरोबरच आहे, आई शेजारी असली की पोरं शहाण्यासारखी चालवतात."

मिलानने इंजिन बंद केलं. किल्ली मुठीत घट्ट धरून तो समोर बघत राहिला.

"ही माझी आई नाही," तो म्हणाला. "ही माझ्या मित्राची, देवची आई आहे. देव त्या दिवशी माझ्या शेजारी बसला होता. मी वाचलो."