मिठाचं मडकं

मिठाचं मडकं पुन्हा रिकामं झालं होतं. अनाथाश्रमाच्या व्यवस्थापिका रखमाबाईंनी ते पाचही कामकरणींपुढे उपडं करून दाखवलं. एक खडा पडला नाही. खाडीपलीकडे मिठाचे ढीग चकाकताहेत आणि ठाण्याच्या मिशनात मीठ नाही, म्हणजे कमालच म्हणायची.

“रविवारी तिन्हीसांजेला मी स्वतः गेले, तेव्हाच कोरडं होतं,” रखमाबाई म्हणाल्या. आता नवं मीठ भरतेय, पण नेणारी सापडली तर उद्या तिला फाटकाबाहेर काढीन, असं त्यांनी बजावलं.

मालन त्या पाचांतलीच. रविवारी दुपारी तिनं मीठ घेतलं होतं खरं, पण मूठभरच! बाकीचं मडकं कुणी गिळलं, देव जाणे.

दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात ती लेकीला कडेवर घेऊन घाट उतरली होती. आश्रमात फक्त आईबाप नसलेलं मूल घेत. तिनं सगुणाला फाटकाशी बसवलं, मला मावशी म्हणायचं असं दहादा घोकून घेतलं, आणि चार दिवसांनी त्याच फाटकातून दळणकांडणाच्या कामाला आली. तेव्हापासून पोटच्या पोरीला ती परक्यासारखी जेवू घालत होती. जीव तुटायचा, पण पोर जगली होती ना!

रविवारी मुंबईचे पाहुणे आले. मुलं ओळीनं उभी केली. गालाला हात लावून, काय बाई गुटगुटीत, असं प्रत्येकाला म्हणून झालं. लागली दृष्ट! रविवारी मिशनात चूल पेटत नसे, शनिवारचं शिजलेलं गारच खायचं. निखारा कुठला मिळायला? मालननं मीठ नुसतंच उतरवून खाडीत टाकलं आणि रात्रीपासून सगुणा तापली.

सोमवारी उपदेशक विश्रामबुवांनी नेहमीप्रमाणे कामकरणींना धडा दिला. मुलांची सेवा करणाऱ्यांनी आपलं-परकं करू नये, दृष्ट काढण्यासारखं खूळ करू नये, हे सांगून त्यांनी मोशेची गोष्ट सांगितली. नदीत सोडलेलं बाळ राजकन्येला सापडलं. त्याला पाजायला एक दाई आणली. ती त्याची खरी आई होती, पण तिनं तोंडातून शब्द काढला नाही.

यातून आपण काय शिकायचं, असं बुवांनी विचारलं. पाचही जणी जमिनीकडे बघत राहिल्या. स्वयंपाकीण आवडाबाईला तर रडूच फुटलं. बुवांना वाटलं, भक्तीनं.

आज मंगळवार. तापात सगुणा दोनदा ‘आई’ म्हणून बरळली होती. अजून एकदा, तेही कुणाच्या कानावर, की दोघींचं छप्पर गेलं. परक्याच्या लेकराची दृष्ट कुणी चोरून काढत नाही, हे मालनला कळत होतं. पण राहवेना.

तिन्हीसांज झाली. प्रार्थनेची घंटा वाजली, प्रार्थनाघरातून गाणं येऊ लागलं. खाडीवरून धुकं उठून पडवीत शिरलं होतं. मिठाचे ढीग त्यात तरंगताहेत असं वाटत होतं, आणि आपण जागी आहोत की नाही, हेच मालनला समजेना. शेगडीत चार निखारे आणि मुठीत नवं मीठ घेऊन ती मुलींच्या खोलीत आली. खिडकीशी लहानगी लक्ष्मीही कण्हत पडली होती. मालन सगुणाजवळ बसली.

“आल्यागेल्याची, पाहुण्याची, बघणाऱ्याची...” ती पुटपुटली. तीनदा मूठ उतरवून तिनं मीठ निखाऱ्यांवर टाकलं. तडतड सगळ्या खोलीत घुमली. सगुणानं डोळे किलकिले केले.

“आई,” ती स्पष्ट म्हणाली.

मालननं वळून पाहिलं. दारात रखमाबाई उभ्या होत्या. मागे पडवीत बाकीच्या चौघी. एका हाताला प्रत्येकीनं एकेक मूल धरलेलं, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. साक्षीला सगळ्यांना घेऊन आल्या, मालनच्या मनात आलं. आता काय लपवायचं?

“माझीच आहे ती,” ती म्हणाली. “मला घालवा, पण पोरीला ठेवा.”

रखमाबाई आत आल्या, खिडकीशी गेल्या आणि लक्ष्मीच्या उशाशी खाली बसल्या.

“शेगडी इकडे सरकव,” त्या हळूच म्हणाल्या. “निखारे विझू देऊ नकोस, बाहेर अजून चौघी आहेत.”

आणि लक्ष्मीच्या कपाळावरचे केस मागे सारत त्यांनी आपली मूठ उघडली. आत मीठ होतं.