बरगडीची नस

मोटरसायकल घसरली धाकट्याच्या हातून आणि लुळा पडला मागे बसलेल्या थोरल्याचा हात. तेव्हापासून भावाभावांत अबोला. सर्जनने बरगडीतली, श्वास घेताना चालणारी नस थोरल्याच्या दंडात जोडली.

"हाताला हुकूम सोडू नका. छाती भरून श्वास घ्या, कोपर वाकेल. श्वास सोडलात की हात खाली."

थोरल्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. तरी सांगितल्याप्रमाणे महिनोन्महिने छातीचा भाता केला, पण हात ढिम्म हलला नाही.

आज धाकटा दारात येऊन उभा राहिला. "दादा..."

थोरल्याचं टाळकं सटकलं. धाकट्याच्या सात पिढ्या उद्धरायला (त्या आपल्याही आहेत, हे विसरून) त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि लुळा हात कोपरातून वाकून अलगद पुढे आला.

"मला बोलावलंस, दादा?" म्हणत धाकटा थेट त्या हाताच्या कवेत शिरला आणि हमसून रडू लागला.

थोरला पार गोंधळला. शिव्या अगदी ओठांवर होत्या. पण त्या द्यायच्या तर श्वास सोडावा लागणार, आणि श्वास सोडला की धाकट्याच्या पाठीवरचा हात गळून पडणार.

चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने श्वास सोडला नाही.