घटाला पाणी

दिपालीचा घट चौथ्या माळेला उगवला. गहू, हरभरा, जवस, सगळंच वर आलं होतं. कडूबाईच्या घटाभोवती अजून नुसता चिखल.

काडेपेटी मागायच्या निमित्ताने ती धाकट्या जावेच्या घरात शिरली होती. मधे फक्त अंगण. भाऊ वेगळे झाले आणि यंदा पहिल्यांदाच एका घरचे घट दोन घरांत बसले. दिपाली खाटेवर पाय सोडून मोबाईल बघत उपासाचे वेफर्स खात होती. पायात घरातसुद्धा सपाता. कडूबाई घट बसल्यापासून अनवाणी, पोटात चहा आणि खजूर. देवीला हे दिसत नाही का? तिचा नुसता जळफळाट झाला.

"कवा उगवलं गं?"

"काय की, आक्का. आज बघितलं तर आलं हुतं."

म्हणजे हिला पत्ताही नाही! कडूबाई काडेपेटी न घेताच परतली आणि आपल्या घटाभोवती आणखी एक तांब्या ओतला. सकाळपासून हा तिसरा की चौथा.

सासू लंकाबाई दारात बसून वाती वळत होती. ती कडूबाईकडेच जेवायची, कडूबाईकडेच निजायची. म्हातारीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कापूस हातात घेतला.

संध्याकाळी आरतीला शेजारची केशरबाई आली. घटाकडे एकदा बघून आरतीला उभी राहिली. जाताना मात्र उंबऱ्यात थांबली. "दिपालीचा बघितला का? पहिल्याच वर्साला असा घट! पोरीच्या हाताला गुन हाय बया."

"हाय की," कडूबाई म्हणाली. एवढं म्हणायला तिला फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती उठली. तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवलं, तांब्या पदराखाली धरला आणि अंगण ओलांडलं. दिपालीचं दार नुसतं लोटलेलं असायचं. पाप लागेल हे तिला कळत होतं. लागू दे, असंही वाटत होतं.

आत समईच्या उजेडात लंकाबाई बसली होती. भांड्यात बोटं बुडवून घटाभोवती हलक्या हाताने पाणी शिंपडत होती. दिपाली आतल्या खोलीत गाढ झोपलेली.

कडूबाई दारातच थिजली. "आत्या, तुमी?"

"हळू बोल. पोर निजलीय." लंकाबाई कुजबुजली. "घट बसला त्याच दिवशी पानी घालायचं इसरली ती. तवापासनं मीच घालते. तिला सांगू नको. तिला वाटू दे, तिनंच उगवलं."

कडूबाईच्या मनातून ते कोंब क्षणात पुसले गेले. आता तिला फक्त म्हातारीची ओली बोटं दिसत होती.

"जेवता माझ्याकडं, आन् पानी हिच्या घटाला?"

"तिला कुठं जमतंय गं?"

"आन् माझ्या घटाला?"

लंकाबाईला प्रश्नच कळला नाही. "तुझ्या घटाला काय? तू हायेस की." तिचं लक्ष पदराकडे गेलं. "पानी आनलंस व्हय? दे, माझं सरलंच हाय."

म्हातारीने हात पुढे केला. कडूबाईने तांब्या छातीशी घट्ट धरला.

"नको. उष्टं हाय ते."

बाहेर येऊन तिने ते पाणी मोरीत ओतलं. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिने कधी काही विसरल्याचं कुणाला आठवत नव्हतं, तिला स्वतःलासुद्धा. विसरली असती तर?

त्या दिवशी तिने आपल्या घटाला पाणी घातलं नाही. माळ चढवली, समईत तेल घातलं, आरती केली. पाण्याला हात लावला नाही. देवीची भीती वाटत होती, पण म्हातारीची बोटं डोळ्यांपुढून हलत नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गोधडीतून डोळे किलकिले करून बघत राहिली. लंकाबाई उठली, तोंड धुतलं, भांडं भरून घेतलं. घटापाशी आली. म्हातारीने हात जोडले, डोकं टेकवलं आणि भांडं घेऊन अंगणापलीकडे गेली. तिसऱ्या पहाटेही तसंच.

मग सातव्या माळेला कडूबाईचा घटही उगवला. वरून पाणी पडायचं थांबलं, चिखल आळला आणि मातीच्या घटातून पाझरणारी ओल दाण्यांना पुरली. कोंब वर आले ते दाट, सरळ आणि दिपालीच्या घटापेक्षा हिरवे.

ते आधी केशरबाईने पाहिलं. "अगं बया बया! लंकाबाई, बघा तरी! थोरलीचा घट कसा फुललाय!"

लंकाबाई अंगणात दिपालीला फुलांची माळ कशी गुंफायची ते दाखवत होती. ती जागची उठलीसुद्धा नाही.

"फुलनारच की," ती मोठ्या अभिमानाने म्हणाली. "कडूच्या घटाकडं मला कवा बघाया लागलंय?"

"नशीब काढलंस गं, कडू," केशरबाई म्हणाली.

कडूबाईने घटाकडे पाहिलं. त्या हिरव्यागार कोंबांचा तिला असा राग आला, जणू ते दिपालीचेच होते.