वाहिनीला खरं हवंय

“हा प्रवेश पुन्हा लिहावा लागेल, हेमांगीताई,” मालिकेचा निर्माता ललित म्हणाला. “वाहिनीवाल्यांना बनावट वाटतोय.”

हेमांगीने ओढणीने कपाळाचा घाम पुसला. धुळ्याहून जळगावला ती एसटीत उभ्याने आली होती. हा प्रवेश आपण किती वेळा लिहिला, हे तिला आता आठवतही नव्हतं. गाजलेला प्रवचनकार एका भक्त बाईला आशीर्वादासाठी आतल्या खोलीत एकटीला बोलावतो. मालिका तिथूनच सुरू होणार होती.

मालिकेत त्याचं नाव वेगळं होतं, पण तो अमृतभाऊच, हे खानदेशात कुणालाही कळलं असतं. रोज सकाळी टीव्हीवर दिसणारा, अहिराणीत हसवता हसवता रडवणारा अमृतभाऊ. त्याच्यावर अत्याचाराचा खटला उभा राहिला होता. तक्रार करणारी ज्योत्स्ना, हेमांगी शिकवत होती त्याच कॉलेजातली विद्यार्थिनी. पोर एकटी पडली होती. तिच्या बाजूने साक्ष द्यायला दुसरी कुणी पुढे येत नव्हती.

“कोर्टाचं होईल तेव्हा होईल. निदान लोकांना तरी कळू द्या,” असं ललित पहिल्याच भेटीत म्हणाला होता. त्या एका वाक्यावर हेमांगीने लेखनाचं काम घेतलं होतं.

“बनावट कसा?” ती म्हणाली. “दोंडाईच्याच्या सारिकाने सांगितलं, तसंच्या तसं लिहिलंय.”

“पण सारिका आता मागे फिरली ना?”

ते खरंच होतं. सारिका फोन उचलत नव्हती. मुक्ताईनगरच्या बेबाबाईंनी तर हेमांगीचा हात हातात घेऊन सगळं सांगितलं होतं, आणि पुढच्या खेपेला ती गेली तेव्हा दाराला कुलूप. लेकाकडे सुरतेला गेल्या म्हणे. जी बाई तोंड उघडायची, ती थोड्याच दिवसांत गप्प व्हायची. हेमांगीला त्यांचा राग यायचा. मग त्या रागाचीच लाज वाटायची.

ललितने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. “मीही वैतागलोय, ताई. पण वकील ऐकत नाहीत. उद्या अमृतभाऊने दावा ठोकला, तर आपल्या मागे खरी बाई उभी पाहिजे. आणखी एखादी शोधा. नाव-गाव तेवढं मला सांगा, बाकी मी बघतो.”

“आणि शूटिंग?”

“हे झालं की लगेच.”

हेच उत्तर ती होळीपासून ऐकत होती.

आणखी एक बाई होती. भडगावची कोकिळा. तिने हेमांगीला शपथ घातली होती, म्हणून बाकीच्यांसारखं तिचं नाव ललितपर्यंत गेलं नव्हतं. रविवारी हेमांगी भडगावला गेली. कोकिळा ओट्यावर भुईमूग फोडत बसली होती. हेमांगीने मालिकेचं सांगितलं, तरी तिचे हात थांबले नाहीत.

“मना नवराले बी मी काहीच सांगेल नही,” ती म्हणाली.

“मग मला का सांगितलंस?”

कोकिळाने सुपातली टरफलं बाजूला सारली. “ती पोर एकली उभी शे, म्हनीसन.”

“तिच्यासाठीच म्हणते मी. नाव बदलतील. तुझा चेहरा कुठे दिसणार नाही.”

कोकिळाने आणखी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. मग ती म्हणाली, “मी येसू. पन मनं जो ऐकनार शे, तेनं तोंड आधी माले दखू दे. तेना समोर बसीसन सांगसू.”

हेमांगीने तिथूनच ललितला फोन लावला. नाव न घेता एवढंच सांगितलं, की एक बाई तयार आहे, पण तिला आधी भेटायचंय.

“भेटायची काय गरज आहे?” ललित म्हणाला. “नाव-गाव सांगा ना. भेटणं वगैरे दिग्दर्शक आल्यावर बघू.”

“ती म्हणते, समोर बसूनच बोलेन.”

“ताई, मी बायकांना भेटत नाही. त्या अवघडतात. तुम्ही आहात ना?”

हेमांगीने फोन ठेवला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. बायकांनी काळीज उघडून दाखवायचं, आणि यांना घटकाभर समोर बसायलाही जमत नाही. दुसऱ्या दिवशी काही न कळवता ती कोकिळाला घेऊन जळगावच्या गाडीत बसली.  एरंडोल मागे पडल्यावर कोकिळाने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.

ललितच्या कार्यालयाचं दार उघडंच होतं. तो दाराकडे पाठ करून खिडकीशी फोनवर बोलत होता. पावलांचा आवाज ऐकून तो वळला.

“अहो ताई, न कळवताच?”

“कळवलं असतं तर तुम्ही भेटला असतात?” हेमांगीचा आवाज चढला. महिनोन्‌महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं. “तुम्ही नाकारलेले प्रवेश मी पुन्हा लिहिले. बायकांच्या दारोदार फिरले. आता तुम्हीच ऐका. ही कोकिळा, भडगावची. हिच्या तोंडून ऐका आणि सांगा तुमच्या वाहिनीला, हे बनावट वाटतं का.”

ललितने फोन बंद केला आणि हसून खुर्ची पुढे ओढली. “बसा ना, अक्का. पाणी घेता?”

कोकिळा बसली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हेमांगीचा दंड घट्ट धरला आणि अगदी हळू म्हणाली,

“ताई, माले अमृतभाऊनी खोलीमा ढकलीसन भायेरथून कडी लावनारा हाऊच शे.”