न हललेला आकडा

"तू खोटं बोलतेयस," फोनवर दादा म्हणाला. "रविवार सकाळपासून त्या घरात थेंबभर पाणी वापरलेलं नाही. आज मंगळवार आहे."

बहीण औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी होती. समोर तीन गिऱ्हाइकं. तिचा मोबाइल बंद म्हणून दादाने थेट दुकानाच्या नंबरवर फोन केला होता, आणि मालक कान टवकारून ऐकत होते. आई पाय प्लास्टरमध्ये घालून महिनाभर पलंगावर पडून होती. तिचं सगळं करायचं, मग इथे येऊन आठ तास उभं राहायचं. आणि हा कुठेतरी लांब खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होता.

"काल तिचं डोकं धुतलंय मी. तिलाच विचार."

"आई तुला पाठीशी घालणारच. आकडा कुणाला पाठीशी घालत नाही. शुक्रवारी येतोय मी. तिला घेऊन जातो."

त्याने फोन ठेवला. आईला घेऊन जातो, म्हणजे कुठे, तर त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी, जिथे ते नवराबायको दोघं दिवसभर बाहेर. आईने तिथे कधीच जायचं नाही असं तिघांचं ठरलं होतं.

या आकड्याचं खूळ दोन महिन्यांचं. इमारतीत पाण्याचे नवे मीटर बसले होते. ते आपापलं रीडिंग मिनिटामिनिटाला रेडिओवरून सांगत राहतात, कुणी ऐको न ऐको. दादाने सुट्टीत येऊन खिडकीत काडेपेटीएवढं यंत्र लावलं, ते ऐकणारं. तेव्हापासून घरातलं पाणी त्याच्या मोबाइलवर वाहू लागलं आणि त्याच्या तोंडाचा पट्टाही सुटला. पहाटे पाचला कोण उठतं? दुपारी नळ कशाला चालू होता? बहीण नुसतं हं हं करायची. त्याच्या प्रश्नांना उत्तरं देत बसायला तिला वेळ कुठे होता.

आज मात्र ती अर्ध्या तासाची सुट्टी मागून तणतणत घरी आली. मोबाइल चालू करून दादाला फोन लावला. स्वयंपाकघरातला नळ सोडला, मोरीतला सोडला, बेसिनचाही सोडला. बादली भरून वाहायला लागली.

"अगं, पूर आणतेस काय घरात?" पलंगावरून आई ओरडली.

"ऐकलास आवाज?" बहीण दादाला म्हणाली. "आता बघ तुझा आकडा."

तो बघत राहिला. दोन मिनिटं गेली.

"हलला नाही," तो म्हणाला. "तू नक्की घरीच आहेस ना?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. नळ तसेच वाहते ठेवून ती खाली उतरली. जिन्याखाली चार मीटर ओळीने होते. तिने दादाला त्याच्या यंत्राने पकडलेल्या मीटरचा नंबर वाचायला लावला. त्यांच्या मीटरचं चक्र गरगर फिरत होतं, पण नंबर भलताच होता. दादाने वाचलेला नंबर सगळ्यात डावीकडच्या मीटरवर होता. त्याचं चक्र जागच्या जागी. तो तळमजल्यावरच्या मास्तरांचा मीटर.

मास्तर निवृत्त, एकटे आणि खडूस. वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी त्यांच्या खुर्चीवर टपकलं, यावरून वर्षभरापूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं. तेव्हापासून ते समोरून आले की बहीण भिंतीकडे बघत पुढे जायची.

"दादा, दोन महिने तू दुसऱ्याचं पाणी मोजतोयस."

तो म्हणाला, "पण आपण तपासलं होतं. मी नळ उघड म्हणालो, तू उघडलास, आणि हाच आकडा हलला."

बहिणीला तो दिवस आठवला. दादा लॅपटॉप मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसला होता आणि 'नळ उघड, नळ उघड' म्हणून डोकं उठवत होता. तिचे हात पिठाने भरलेले. ती वैतागून जागेवरूनच म्हणाली होती, "उघडला." हातसुद्धा लावला नव्हता नळाला. आणि लगेच दादा ओरडला होता, सापडला म्हणून.

हे आत्ता सांगायची काही गरज नव्हती. मालकांसमोर तिला खोटारडी ठरवताना त्याने तरी कुठे विचार केला होता?

"खाली मास्तर पाणी भरत असतील त्याच वेळी," ती म्हणाली.

"चुकलं माझं," दादा म्हणाला. त्याचा आवाज पार उतरला होता. "नाही नाही ते बोललो तुला."

"आणि शुक्रवारचं?"

"नाही नेत. राहू दे तिला तिथेच."

ती दोन दोन पायऱ्या चढत वर आली. नळ बंद केले, फरशीवरचं पाणी पुसलं आणि आईच्या उशाशी बसून दादाची नक्कल करत सगळा प्रकार सांगितला. आई हसून हसून बेजार झाली.

"म्हणजे पहाटे पाचला उठणारे ते मास्तर होते तर," आई डोळे पुसत म्हणाली. "आणि बोलणी मी खातेय दोन महिने."

"नाहीतर काय. रविवारपासून आकडा हलला नाही, म्हणून मला खोटारडी ठरवत होता. माझ्या दुकानात फोन करून."

आईचं हसू थांबलं. तिने बहिणीचा हात घट्ट धरला.

"आणि अजून इथे बसून काय सांगतेस मला," ती म्हणाली. "खाली जा. मास्तरांचं दार वाजव, आणि नाही उघडलं तर माणसं बोलावून फोड."