पोळ्याची सुट्टी

पडद्यावरच्या बैलाचा उजवा कान दर अकरा सेकंदांनी हलत असे. दहा वर्षांपूर्वी मीनाने हर्षलच्या गावच्या गोठ्यात उभं राहून ते घड्याळावर मोजलं होतं. चांद्या माशी नसतानाही कान हलवायचा. ‘घाटवाट’ या त्यांच्या पहिल्या गेममध्ये तिने त्याला तसाच घेतला. आज संध्याकाळी पाच वाजता पाचवा भाग बाजारात जाणार होता. त्यात चांद्या होता, पण कानाच्या जागेवर जाहिरात आली होती.

अंबडच्या त्यांच्या गेम स्टुडिओच्या ऑफिसात सहा टेबलं होती. चार टेबलांवर चादरी टाकलेल्या होत्या. उरलेल्या दोनांवर मीना आणि तिचा भागीदार हर्षल शेवटची तपासणी करत होते. स्टुडिओ चालू ठेवायचा की नाही, हा विषय दोघांनीही आठ महिने काढला नव्हता. बैल हर्षलच्या वडिलांचा, तेव्हा आपण कसं बोलायचं, असं मीनाला वाटे.

हर्षलचे वडील, आबा, डबा घेऊन जिना चढून आले.

“सणाला पोरगं घरी येत नाय, मंग डबाच आणला,” ते म्हणाले आणि चादर टाकलेल्या एका टेबलावर बसले. समोर तपासणीचा फोन होता. त्यात चांद्या गाडी ओढत घाट चढत होता. आबांनी थोडा वेळ पाहिलं. मग खिशातून स्वतःचा जुना फोन काढून शेजारी ठेवला. त्यात पहिला भाग होता. तिथला चांद्या पाठीवर झूल, शिंगांना बेगड लावून उभा होता. खाली लिहिलं होतं : आज बैलांना सुट्टी. कितीही बोट लावलं तरी तो जागचा हलत नव्हता.

“मीना, हा का पळतोय? आज पोळा हे ना?”

उत्तर हर्षलने दिलं. “जाहिरातवाल्यांची अट आहे, आबा. सणाला माणसं घरी असतात, फोन हातात असतो. त्या दिवशी सुट्टी परवडत नाही.”

“मंग त्याला चांद्या म्हणू नका. दुसरं काय बी नाव ठेवा.” आबांच्या आवाजात राग नव्हता. “माझ्या गोठ्यात पोळ्याला कोणी जू उचललं नाय कधी.”

पाच वाजायला वीस मिनिटं होती. मीनाने माउस हलवला आणि ‘प्रकाशन रद्द करा’वर क्लिक केलं. पाचवा भाग बाजारात जायचा थांबला. वरचा पंखा फिरत राहिला.

“थांबवलंस?” हर्षलने विचारलं.

“हो.”

तो खुर्चीत मागे रेलला. “बरं केलंस. आठ महिने वाट बघतोय, कोणीतरी थांबवेल म्हणून.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

“आणि मी तुझ्यासाठी गप्प होते.”

“दोघं इंजिनियर,” आबा डबा उघडत म्हणाले, “आन् येवढं बोलायला आठ महिने! खा आता.”

मीनाने दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. सकाळपासून आपण जेवलो नाही, हे तिला तेव्हा कळलं. हर्षल तिसरी घेताना हसत होता.

हात धुऊन तिने पहिल्या भागाची जुनी फाइल उघडली. पोळ्याची तारीख दर वर्षी बदलते, म्हणून तेव्हा तिने पंचांग बघून दहा वर्षांच्या तारखा हाताने भरल्या होत्या. गेम त्यापुढे टिकेल असं कोणाला वाटलं नव्हतं. यादीतली शेवटची तारीख आजची होती.

आबा तिच्या मागे येऊन उभे राहिले. “म्हणजे पुढच्या पोळ्याला माझा बी पळंल?”

“नाही आबा. पुढच्या पन्नास वर्षांच्या तारखा घालते. हा पहिला भाग सगळ्यांना फुकट ठेवू, जाहिराती न घालता.”

ती हर्षलकडे वळली. तिने काही म्हणायच्या आधीच त्याने मान हलवली. टेबलावर आबांच्या फोनमध्ये चांद्याने कान हलवला.

“आणि मग स्टुडिओ बंद करू,” मीना म्हणाली.