घंटेचा खेळ

घंटा वाजली तशी सोयराबाईंनी स्वयंपाकघरातून "भले!" म्हणून आवाज दिला. प्रतापराव मात्र हसले नाहीत. उजवा हात यंत्राच्या गुंडीवर ठेवून ते दिव्यांच्या ओळीकडे बघत राहिले. चैत्रात अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या हाताची बोटं मिटलेलीच असत.

यंत्र खाटेवर, त्यांच्या मांडीशी ठेवलं होतं. त्यांच्या मुलीनं, भाग्यलक्ष्मीनं, मैसूरच्या दसरा प्रदर्शनात असलं एक पाहिलं होतं. ते कपाटाएवढं होतं, दहा नवे पैसे टाकून खेळायचं. हे त्याचं पिल्लू. ती बेंगळूरच्या टेलिफोन कारखान्यात दिवसभर तारा जोडायची. चिक्कपेटेतल्या भंगारवाल्यांकडून तिनं एकेक वस्तू जमवली होती. बंद पडलेल्या रेडिओची लाकडी पेटी, सायकलचे बल्ब, मोडक्या फोनची घंटा आणि टकटक करत एकेक पायरी फिरणारा एक्स्चेंजमधला जुना स्विच. तिनं बाजूची कळ सोडली की स्विच फिरायचा आणि दिवे एकामागून एक पेटत जायचे. मधला लाल दिवा लागला असताना गुंडी दाबली, की घंटा.

डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू प्रतापरावांनी पहिल्याच दिवशी खिडकीबाहेर टाकला होता. "मी काय रांगतं पोर आहे?" म्हणाले होते. यंत्रापुढे मात्र ते सकाळपासून बसून होते.

"अजून एकदा, अप्पा?" भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

"थांब स्वल्प." त्यांची जीभ अजून जड होती, शब्द ओढून काढावे लागत. "लाल गेला होता. पुढचा लागला, तेव्हा दाबलं मी."

"थोडंसंच पुढं असेल."

"गेला होता. तरी वाजली. आता बघ."

त्यांनी लाल दिवा मुद्दाम जाऊ दिला आणि मग गुंडी दाबली. घंटा वाजली. पुढच्या फेरीला लाल यायच्या आधीच दाबली. तरीही वाजली.

"किती दिवे जोडलेस घंटेला?"

भाग्यलक्ष्मी पेटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तीन," ती म्हणाली.

सोयराबाई पदराला हात पुसत दाराशी आल्या. "असू दे की हो. पोरीनं एवढं मन लावून केलंय. हात हलला, घंटा वाजली, झालं."

"ही नुरा कुस्ती झाली," प्रतापराव म्हणाले. चामराजपेटेच्या तालमीत त्यांनी उभा जन्म पोरं घडवली होती. "समोरचा मुद्दाम पडतो. बघणाऱ्याला नाही कळत. लढणाऱ्याच्या अंगाला कळतं."

"तुम्ही चेंडू टाकून दिलात. काठी धरून चालायचं म्हटलं, तर भिंतीकडं तोंड करून निजलात." भाग्यलक्ष्मीचा आवाज चढला. "मला वाटलं, यातही हरलात तर..."

प्रतापरावांनी डाव्या हातानं उजव्याची मिटलेली बोटं उघडली, ती परत मिटली.

"फक्त हात गेलाय माझा," ते म्हणाले. "त्या दोन तारा काढ."

"मग घंटा लवकर वाजायची नाही, अप्पा."

"सरी, नाही तर नाही."

तिनं पेटी उलटी केली, मागची फळी उघडली आणि पक्कड आत घातली. डाख पक्का लागला होता. एक तार तुटली. दुसरीला वेळ लागला.

मग ते खेळले. दिवे पळायचे, लाल लागायचा, आणि हात गुंडीवर दाबला जाईपर्यंत उजेड पुढच्या दिव्यावर गेलेला असायचा. पुन्हा. पुन्हा. खोलीत स्विचची टकटक तेवढी ऐकू येत होती. त्यांच्या कपाळावर घाम आला. सोयराबाईंना बघवेना, त्या आत जाऊन उगाच भांडी लावत बसल्या. ऊन खाटेवरून उतरून भिंतीशी गेलं, तरी घंटा वाजली नाही.

प्रतापरावांनी पेटी मुलीकडं सरकवली. "तू खेळ."

भाग्यलक्ष्मीनं गुंडीवर बोट ठेवलं. लाल दिवा आला. तिनं तो जाऊ दिला आणि मग दाबलं. घंटा वाजली नाही.

प्रतापराव नुसते तिच्याकडं बघत राहिले. तिनं मान खाली घातली.

पुढच्या फेरीला तिनं लाल दिव्यावर दाबलं. छोट्याशा खोलीत घंटा खणखणली. त्याच्या पुढच्या फेरीलाही. आतली भांडी थांबली. "जिंकलात काय हो?" सोयराबाईंनी विचारलं.

"भाग्या जिंकली," प्रतापरावांनी सांगितलं. त्यांचा ओठ एकाच बाजूनं वर गेला होता. झटक्यानंतर त्यांना हसताना मुलीनं पाहिलं नव्हतं. ते हसू आता असं दिसतं, हे तिला तेव्हा कळलं.

त्यांनी पेटी पुन्हा आपल्याकडं ओढली. डाव्या हातानं उजवा हात उचलून गुंडीवर आणून ठेवला. मग डावा हात मांडीखाली सारला आणि त्यावर सगळा भार देऊन बसले.

"हं," ते म्हणाले. "सोड."